हजेरी, खाडा आणि घड्याळ

गिरणी उभी राहिली, पण माणसं रोज येईनात. नागपूरच्या एम्प्रेस मिलची गोष्ट इथूनच सुरू करायला हवी. १ जानेवारी १८७७ रोजी दिल्लीच्या दरबारात व्हिक्टोरिया राणीला हिंदुस्थानची सम्राज्ञी जाहीर करण्यात आलं आणि त्याच दिवशी इकडे जुम्मा तलावाच्या काठी जमशेटजी टाटांच्या गिरणीची चाकं फिरली. गिरणीला एम्प्रेस हे नाव त्यावरून मिळालं. सुमारे तीस हजार चात्या, साडेचारशे माग, इंग्लंडहून आलेली यंत्रं आणि वऱ्हाड-नागपूरचा कापूस हाताशी. कारभार बेझनजी दादाभाई मेहतांकडे. ते रेल्वेच्या मालवाहतूक खात्यातून आलेले, कापडधंद्याचा त्यांना काहीच अनुभव नव्हता. सगळी तयारी होती, पण हजेरीपटावर शंभरातली ऐंशीच नावं लागत.

शंभरात वीस खाडे. ज्याने कधी पाळी चालवली आहे त्याला या आकड्याचा अर्थ सांगावा लागत नाही. धागा तुटला तर सांधायला हात नाही, माग रिकामा, शेजारचा माणूस दोघांचं काम ओढतोय आणि संध्याकाळी माल कमी. आजचा एखादा व्यवस्थापन सल्लागार त्या गिरणीत गेला असता तर पहिल्या आठवड्यात त्याने काय सुचवलं असतं, ते मी डोळे मिटून सांगू शकतो, कारण तसे सल्लागार मी वीस वर्षं जवळून पाहिले आहेत. त्याने खाड्याला दंड लावला असता, हजेरीला अंगठा लावायची सोय केली असती आणि भिंतीवर लाल-हिरव्या रंगांचा तक्ता टांगला असता.

टाटांनी आधी एक प्रश्न विचारला, आणि या पुस्तकाचा जन्म त्या प्रश्नातून झाला. माणसं का येत नाहीत? उत्तर आळस हे नव्हतं. इथला कोष्टी पिढ्यान् पिढ्या आपल्या घरात, आपल्या मागावर, आपल्या वेळेने विणत आला होता. गावातून आलेल्या मजुराचा अर्धा जीव शेतात होता. पेरणी, कापणी, पोळा, मारबत, बहिणीचं लग्न हे सगळं त्याच्या लेखी काम होतं. गिरणीच्या लेखी तो खाडा होता. त्यातून गिरणीच्या आतली हवा. सुताला दमट हवा लागते, कोरड्या हवेत धागा तटातट तुटतो. नागपूरचा उन्हाळा तर इतका कोरडा की धुतलेलं लुगडं दोरीवर टाकून वळेपर्यंत वाळतं. म्हणजे सुतासाठी हवा ओली करायची आणि त्या ओल्या, कोंडलेल्या, तंतूंनी भरलेल्या उष्ण हवेत माणसाने दिवस काढायचा. त्या माणसाने चार दिवसांनी एक दिवस घरी बसणं यात न समजण्यासारखं काय आहे?

एम्प्रेस मिलमध्ये हवा खेळती राहण्याची व्यवस्था झाली. हवेत ओलावा सोडणारी यंत्रं आणि आग विझवण्याची फवाऱ्यांची सोय देशात सर्वांत आधी केलेल्या गिरण्यांत तिची गणना होते. १८८६ मध्ये निवृत्तिवेतनाचा निधी सुरू झाला. १८९५ पासून कामावर जायबंदी झालेल्याला भरपाई मिळू लागली. सरकारने त्यासाठी कायदा केला १९२३ मध्ये, म्हणजे २८ वर्षांनी. भविष्यनिर्वाह निधीचा कायदा तर १९५२ चा. शिवाय वर्षातून एकदा खेळांचा आणि बक्षिसांचा मोठा दिवस. चांगलं काम करणाऱ्यांना रोख रकमा, सोन्याच्या साखळ्या आणि घड्याळं दिली जात.

या घड्याळापाशी मला थांबायचं आहे.

ज्या काळात गिरणी कामगाराला दिवसाची वेळ फक्त भोंग्यावरून कळत होती, त्या काळात त्याच्या हातात घड्याळ देणं ही साधी गोष्ट नव्हती. इंग्रज इतिहासकार ई. पी. टॉमसनने कारखान्यातल्या वेळेच्या शिस्तीवर १९६७ मध्ये एक गाजलेला निबंध लिहिला. त्यात स्कॉटलंडमधल्या डंडीच्या गिरण्यांची एक जुनी साक्ष आहे. तिथले मालक सकाळी गिरणीचं घड्याळ पुढे करत आणि रात्री मागे करत, आणि कामगार खिशात घड्याळ बाळगायला घाबरत. ज्याला वेळ कळते तो माणूस मालकाला नको होता. आता इकडे नागपुरात बघा. गिरणीच बक्षीस म्हणून घड्याळ देते, म्हणजे भोंगा खरा की खोटा हे ताडून बघायचं साधन त्याच्याच हाती देते. टाटांच्या मनात एवढा विचार असेलच असं मी म्हणत नाही. चांगल्या कामगाराला मानाची वस्तू द्यायची, इतकाच हेतू असेल. पण वस्तूचा परिणाम देणाऱ्याच्या हेतूपाशी थांबत नाही.

हे सांगताना मला एम्प्रेस मिलचा स्वर्ग करायचा नाही. तो काळ उजाडल्यापासून अंधार पडेपर्यंत राबण्याचा होता. १८८१ च्या पहिल्या फॅक्टरी कायद्याने सात ते बारा वर्षांच्या मुलांना दिवसाला नऊ तासांची मर्यादा घातली; मोठ्या माणसांच्या तासांवर त्याने अवाक्षर काढलं नाही. रविवारची सुट्टी मिळवायला मुंबईत नारायण मेघाजी लोखंड्यांना वर्षानुवर्षं झगडावं लागलं, ती १८९० मध्ये मिळाली. कापडगिरणीतल्या पुरुषाच्या दिवसाला बारा तासांचं कुंपण पडलं ते १९११ मध्ये. आठवड्याचे ४८ तास हे आज आपल्याला निसर्गनियमासारखे वाटतात. ते आले १९४६ च्या दुरुस्तीने, आणि त्यामागे व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खातं सांभाळणाऱ्या डॉ. आंबेडकरांचे कष्ट आहेत. नागपूरच्या गिरण्यांतही संप झाले, रामभाऊ रुईकरांसारखे पुढारी इथेच घडले. सारं गोडीगुलाबीने चाललं असतं तर संप झाले नसते. पण खाडा दिसल्यावर आधी माणसाच्या आयुष्याकडे बघायचं आणि मग हजेरीपटाकडे, ही रीत या शहरात दीडशे वर्षांपूर्वी एका नफ्यासाठी चालवलेल्या धंद्यात रुजली होती, आणि तो धंदा त्यावर भरभराटला. हे विसरता येत नाही, विशेषतः नागपुरात.

कारण याच शहरात २०१८-१९ च्या आसपास कामगारांच्या मनगटावर पुन्हा एकदा घड्याळ आलं.

हे घड्याळ महानगरपालिकेच्या सफाई कामगारांसाठी होतं. बंगळुरूची आयटीआय लिमिटेड ही सरकारी कंपनी, जिचे काळे टेलिफोन एकेकाळी घराघरांत होते, तिने ही जीपीएस घड्याळं भाड्याने पुरवली. संख्या सात-आठ हजारांच्या घरात. आत सिमकार्ड, उपग्रहावरून जागा टिपण्याची सोय. प्रत्येक कामगाराला ठरवून दिलेल्या रस्त्यांचा टापू म्हणजे त्याची बीट, आणि त्या बीटभोवती नकाशावर आखलेलं एक न दिसणारं कुंपण. माणूस कुंपणाच्या आत किती वेळ होता यावर त्याची हजेरी आणि हजेरीवर पगार. नागपूरनंतर, नागपूरबरोबर, देशातल्या बऱ्याच शहरांनी हा मार्ग धरला. चंदीगड आणि पंचकुल्यात कामगार रस्त्यावर उतरले. बायांनी विचारलं, हे घड्याळ मोरीत जातानाही हातात ठेवायचं का, ते ऐकतं का, बघतं का?

आता दुसरी बाजूही तेवढ्याच जोराने मांडली पाहिजे, नाहीतर हे पुस्तक लिहिण्यात अर्थ नाही. हजेरीत खोट असते, हे कुणीही नाकारू शकत नाही. देशातल्या कुठल्याही मोठ्या शहराच्या सफाई खात्यात तीच जुनी दुखणी निघतात. पटावर नाव आहे, रस्त्यावर माणूस नाही. सकाळी सहा वाजता सही होते, सातला माणूस दुसऱ्या कामाला गेलेला असतो. कुणी आपल्या जागी निम्म्या पैशात दुसऱ्याला पाठवतो. याचा भुर्दंड ज्याची गल्ली झाडली गेली नाही त्याला बसतो, आणि त्याहून जास्त बसतो तो इमानदारीने दोघांचं झाडणाऱ्या बाईला. जमादाराच्या मर्जीवर चालणारी हजेरी म्हणजे स्वातंत्र्य नव्हे. यंत्राला वशिला कळत नाही, हा यंत्राचा खरोखरीचा गुण आहे. नागपूरच्या सफाई खात्यात ‘ऐवजदार’ नावाचा एक वर्ग होता. ऐवजदार म्हणजे कुणाच्या तरी ऐवजी काम करणारा. काहींची उमेदीची सगळी वर्षं अशी कुणाच्या तरी ऐवजी गेली. पुढे अशा चार हजारांहून अधिक लोकांना कायम करण्याचा निर्णय राज्य सरकारने घेतला. आपण कामावर होतो याचा धड पुरावा हाती असता तर अशा माणसाला तो जड झाला नसता.

तेव्हा मोजू नका असं माझं म्हणणं नाही. मला हे बघायचं आहे की मोजलेलं कुणाला वाचता येतं.

आमच्या गल्लीत पहाटे झाडायला एक मावशी येतात. गल्ली लहान आहे, दोन्ही बाजूंना कडुनिंब. एरवी त्यांचं काम पाऊण तासात होतं. फाल्गुन लागला की कडुनिंब रिता होऊ लागतो आणि मग रोज सकाळी रस्ता दिसत नाही, पिवळी पानंच दिसतात. खराटा ओढला की पानं पुढे जातात आणि वाऱ्याने निम्मी मागे येतात. मावशी वाऱ्याकडे पाठ करून झाडतात, आधी उताराच्या बाजूने, मग नाली मोकळी करून, आणि ढीग नेहमी भिंतीच्या आडोशाला लावतात. हे त्यांना कुणी शिकवलेलं नाही. पाऊण तासाचे पावणेदोन तास होतात. मनगटावरच्या घड्याळाला मात्र माघ आणि फाल्गुन सारखेच. घड्याळाने नोंदवलं की बाई कुंपणाच्या आत आहे. ती किती वाकली, किती पानं उचलली, नाली तुंबली होती की नाही, ही नोंद कुठेच नाही. काम झालं का, हा मूळ प्रश्न. त्याच्या जागी माणूस जागेवर आहे का, हा प्रश्न येऊन बसला, कारण यंत्राला त्याच प्रश्नाचं उत्तर देता येत होतं.

मनगट मावशींचं, पण नकाशा दुसरीकडे. यंत्राने चुकीची नोंद केली, बॅटरी उतरली, दोन इमारतींच्या फटीत उपग्रह दिसेनासा झाला, तर मावशींना ते पगार हातात येईपर्यंत कळायचा मार्ग नाही. एम्प्रेस मिलच्या बक्षिसाच्या घड्याळात जे होतं ते या घड्याळात नाही, आणि हा फरक तंत्रज्ञानाचा नाही. कामगाराला त्याचा स्वतःचा नकाशा रोज संध्याकाळी दाखवणं आजच्या यंत्राला सहज जमण्यासारखं आहे. तसं ठरवलं गेलं नाही, एवढंच.

हे मी बाहेरून बोलतोय असं वाचकाने समजू नये. मी स्वतः दुसऱ्या बाजूला बसलो आहे. ज्या खासगी कचेरीत मी हिशेब विभाग सांभाळत होतो, तिथे एके वर्षी कामाची नवी पद्धत आली. दिवसाचे पंधरा-पंधरा मिनिटांचे तुकडे पाडायचे. साडेनऊ ते सहा, म्हणजे ३४ चौकोन. प्रत्येक चौकोनात कामाचा संकेतांक टाकायचा: बिल तपासणी, नोंद, पत्रव्यवहार, बैठक. ज्याला संकेतांक नाही ते ‘इतर’मध्ये. ‘इतर’ दिवसाला दोन चौकोनांपेक्षा जास्त झालं की तक्ता लाल. सोमवारी सगळ्यांसमोर तक्ते वाचले जात. पद्धत कडक होती आणि तिचा अभिमानही तोच होता. कुणासाठी अपवाद नाही, साहेबालाही नाही.

बिलांच्या टेबलावर एक ताई होत्या. बावीस वर्षांची नोकरी. ठेकेदाराचा मुलगा बिल घेऊन आला की त्या नुसतं उलटून बघत आणि म्हणत, ‘‘मोजमापाची प्रत लावली नाहीस बाबू, परत येईल, आत्ताच लावून आण.’’ दोन मिनिटांचं काम. त्यामुळे आठ-दहा दिवसांची एक फेरी वाचत असे. नवीन मुलं त्यांना विचारत, वरचे अधिकारी विचारत, मीही विचारत असे. या दोन-दोन मिनिटांना संकेतांक नव्हता. पहिल्या आठवड्यात ताईंचा तक्ता चार दिवस लाल आला. सोमवारी तो वाचला गेला. दुसऱ्या आठवड्यात त्यांनी टेबलावर पाटी लावली, चौकशी पहिल्या खिडकीवर करावी. तक्ता हिरवा झाला. महिनाभरात परत जाणाऱ्या बिलांचा गठ्ठा वाढला, पण तो गठ्ठा कुणाच्याच चौकोनात बसत नव्हता, म्हणून बैठकीत त्यावर बोलणं झालं नाही. ताईंच्या हिरव्या तक्त्यावर दर शनिवारी माझी सही असे. मला दिसत होतं काय चाललं आहे, आणि मी सही करत होतो. पुढे पद्धत गेली, तक्ते रद्दीत गेले, पण ताई पहिल्यासारख्या बोलत्या झाल्या नाहीत. त्या बावीस वर्षांत साठलेलं जे काही होतं ते त्यांच्याबरोबर निवृत्त झालं. ही गोष्ट माझ्या मनातून गेलेली नाही, आणि पुस्तक लिहायला बसण्याचं खरं कारण ती आहे.

कामाच्या मोजमापाचा आधुनिक इतिहास अमेरिकन अभियंता फ्रेडरिक टेलरपासून सांगायची पद्धत आहे. या पुस्तकात तो एका प्रकरणात आटोपला आहे. बेथलेहेम स्टीलमध्ये दिवसाला साडेबारा टन कच्चं लोखंड वाहणाऱ्या मजुराकडून आपण सत्तेचाळीस टन वाहून घेतलं, असं त्याने १९११ च्या आपल्या पुस्तकात सांगितलं. काम जवळजवळ चौपट. मजुरी एक डॉलर पंधरा सेंटवरून एक डॉलर पंच्याऐंशी सेंट. त्याच वर्षी अमेरिकेच्या वॉटरटाऊन इथल्या सरकारी शस्त्रकारखान्यात स्टॉपवॉच घेतलेला माणूस ओतकामगारांच्या मागे उभा राहिला आणि कामगार बाहेर पडले. पुढे तिथल्या काँग्रेसने सरकारी शस्त्रकारखान्यांत स्टॉपवॉचने काम मोजायला मनाई केली आणि ती कित्येक वर्षं टिकली. या प्रसंगावरून आपल्याकडचे लिहिणारे सहसा असा निष्कर्ष काढतात की कामगाराला नियमच नको असतो. तो निष्कर्ष चुकीचा आहे, आणि त्याचा पुरावा मुंबईत आहे.

एप्रिल ते ऑक्टोबर १९२८. मुंबईच्या गिरण्या बंद, दीड लाखाच्या आसपास कामगार सहा महिने बाहेर. भांडणाच्या मुळाशी तेव्हा ज्याला कार्यक्षमता म्हणत तीच होती. विणकराने दोनऐवजी तीन माग सांभाळायचे, कातणाऱ्याने एकाऐवजी दोन बाजू. पण कामगारांचं मागणं फक्त ‘नको’ एवढं नव्हतं. कुठल्या कामाला किती दर, सगळ्या गिरण्यांत तो सारखा का नाही, कामावरून कमी करायचं तर कुठल्या नियमाने, सुट्टी कशी, दंड किती, हे सगळं कागदावर यावं अशी त्यांची मागणी होती. संपाच्या चौकशीसाठी नेमलेल्या फॉसेट समितीपुढे महिनोन्महिने याच गोष्टींची चर्चा झाली. मुकादमाच्या मर्जीने जगणाऱ्या माणसाला लेखी नियम हा आधार असतो. १९४६ च्या स्टँडिंग ऑर्डर्स कायद्याने पुढे तो आधार देशभर दिला. कडकपणाला कामगार तेव्हाही भीत नव्हता. आपल्याला न विचारता केलेला, आपल्याला न दाखवलेला आणि फक्त आपल्यालाच लागू होणारा नियम, त्याला त्याचा विरोध होता.

मला सगळ्यांत जवळचं वाटणारं उदाहरण आपल्याच मातीतलं आहे. १९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्रात लाखो माणसं कामावर आली, माती खोदायला, खडी फोडायला. पुढे १९७७ मध्ये रोजगार हमीचा कायदा झाला. तिथे मजुरी खोदलेल्या मातीच्या मापावर मिळे. मातकामात एक जुनी रीत आहे. खड्डा खणताना मधे मातीचा एक उंचवटा तसाच ठेवायचा, माथ्यावरच्या गवतासकट. मूळ जमीन कुठे होती आणि किती खोल गेलो हे त्यावरून मोजता येतं. माप घेणारा माणूस आठ दिवसांनी येवो, तो उंचवटा तिथे उभा असतो. टेप त्याच्या हातात असतो, पण उंचवटा खणणाऱ्या बाईलाही दिसतो. तिला वाचता येत नसलं तरी वाचता येतो. ‘‘कमरेएवढं खणलं आहे, गुडघाभर का लिहिता?’’ असं ती विचारू शकते, आणि हजारो बायांनी ते विचारलं. मापात लबाडी झाली नाही असं नाही, भरपूर झाली. पण ती दिवसाढवळ्या, उंचवट्याच्या साक्षीने करावी लागे. पुढे त्याच धर्तीच्या केंद्रीय योजनेच्या कामांवर १ जानेवारी २०२३ पासून मोबाइलवर दिवसातून दोनदा फोटो काढून हजेरी लावणं सक्तीचं झालं. फोटो चढला नाही, नेटवर्क गेलं, तर खणलेला खड्डा समोर असूनही दिवस बुडण्याची भीती. मातीचा उंचवटा आणि मोबाइलचा फोटो यांच्यातलं हे अंतर समजून घेण्यासाठी मी या पुस्तकातली सर्वांत जास्त पानं खर्च केली आहेत.

आणखी एक उदाहरण दूरचं, पण तेही मागावरूनच आलेलं. जपानच्या साकिची टोयोडाने असा माग बनवला की धागा तुटला की तो आपणहून थांबे. इंग्लंडच्या प्लॅट ब्रदर्स या बड्या यंत्रकंपनीने १९२९ मध्ये त्या मागाचे हक्क विकत घेतले. थांबण्याची ही अक्कल पुढे टोयोटाच्या मोटारींच्या कारखान्यात गेली. तिथे कामगाराच्या डोक्यावर एक दोरी असते. काही चुकतंय असं वाटलं की कुणीही ती ओढावी, दिवा लागतो, साहेब धावत येतो, गरज पडली तर अख्खी रांग थांबते. जगातल्या सगळ्यांत काटेकोर उत्पादनपद्धतीच्या मध्यभागी कामगाराने हात वर करून गाठायची दोरी आहे. आपल्याकडे कारखान्यांनी त्या पद्धतीचे फलक आणले, जमिनीवर पिवळे पट्टे मारले, तक्ते टांगले, पण दोरी आणताना हात आखडला. एम्प्रेस मिलचा प्रश्न आणि टोयोटाची दोरी यांत मला एकच गोष्ट दिसते. काम करणाऱ्याकडून वर जाणारी खबर दोन्हीकडे मोलाची मानली आहे. खबर फक्त खालून वर टिपली जाते, पण बोलली जात नाही, अशी पद्धत कितीही आधुनिक असली तरी आंधळी राहते. माझ्या कचेरीतल्या हिरव्या तक्त्यांनी मला हे शिकवलं.

पुस्तकाच्या मांडणीविषयी थोडं. पहिला भाग गिरण्यांचा, दुसरा रोजगार हमीचा, तिसरा शहराच्या सफाईचा आणि चौथा कचेऱ्यांचा, ज्यात संगणकावर दर काही मिनिटांनी पडद्याचा फोटो काढणारी आणि माऊस किती हलला हे मोजणारी आजची साधनंही येतात. घरून काम करणाऱ्या आपल्या मुलामुलींना ती चांगली ठाऊक आहेत. वाचकाला पहिला आणि चौथा भाग एकमेकांपासून लांबचे वाटतील. मला ते शेजारी-शेजारी दिसतात, म्हणून चारही एका पुस्तकात बांधले. कुठली पद्धत चांगली याची यादी मी दिलेली नाही, कारण एका ठिकाणची पद्धत उचलून दुसऱ्या ठिकाणी लावणं हाच तर आजाराचा एक भाग आहे. ज्यांच्याशी बोललो त्यातल्या नोकरीत असलेल्या कुणाचंही नाव छापलेलं नाही. त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला, त्यांच्या पोटाला चिमटा बसू नये.

एम्प्रेस मिल टाटांच्या हातून १९८६ मध्ये सुटली, मग सरकारी वस्त्रोद्योग महामंडळाने ती चालवली आणि २००२ मध्ये ती कायमची बंद झाली. जुम्मा तलावाच्या, म्हणजे आजच्या गांधीसागराच्या काठी तिच्या जागेवर आता मॉल उभा आहे. लिहिता-लिहिता मी पुष्कळदा तिथे जाऊन बसलो आहे.

गेल्या फाल्गुनात मजकूर छापखान्यात द्यायच्या आधी मी मावशींना सांगितलं की पुस्तकात तुमच्या झाडण्याविषयी लिहिलं आहे. त्यांनी खराटा भिंतीला टेकवला, घड्याळ खाली सरकलं होतं ते वर ओढलं, आणि काय लिहिलं ते ऐकून घेतलं. मग गल्लीच्या टोकापर्यंत पसरलेल्या पानांकडे हात करून म्हणाल्या, ‘‘भाऊ, फागुनात हे गल्ली दोन गल्ल्यांच्या बरोबर होते, थे बी लिहजा.’’